सॉफ्टवेअरची रसद : कंपाइलर नसलेल्या कचेऱ्यांपर्यंत पर्लची मॉड्यूल्स कशी पोहोचली?

१/ लढायांचा इतिहास वाचताना सेनापती आपल्या लक्षात राहतात. रसद कोणी पुरवली हे क्वचितच. पानिपताच्या चर्चेत तेवढा रसदीचा विषय हटकून निघतो, कारण तेथे ती तुटली होती. संगणकाच्या इतिहासाचेही तसेच आहे. भाषा कोणी घडवली हे आपल्याला ठाऊक असते. त्या भाषेतील तयार साहित्य कचेऱ्याकचेऱ्यांतील संगणकांपर्यंत कोणी पोहोचवले, हे मात्र कोणी विचारत नाही. आजचा धागा त्या रसदीचा. #धागा

२/ आज हिंजवडीतील एखादी अभियंता एक ओळ टंकते आणि काही क्षणांत जगातील कोणा अनोळखी माणसाने लिहिलेले मॉड्यूल तिच्या संगणकावर कामाला लागते. या सहजतेमागे तीस वर्षांहून जुना एक प्रश्न आहे : लेखकाने लिहिले, वापरणाऱ्याला हवे आहे, पण मधले कष्ट कोणी करायचे? या प्रश्नाची तड लावण्याचा एक मोठा प्रयत्न १९९०च्या दशकात पर्ल या भाषेच्या अंगणात झाला.

३/ प्रथम शब्दाचा अर्थ. मॉड्यूल म्हणजे एखादे ठरावीक काम करणारा, पुन्हापुन्हा वापरता येणारा आज्ञावलीचा भाग. डेटाबेसशी बोलणे, तारखांचे गणित करणे, ईमेल पाठवणे, एक्सेलची फाइल तयार करणे ही कामे प्रत्येकाने नव्याने लिहिण्यात अर्थ नसतो. एकाने नीट लिहावे आणि हजारांनी वापरावे. कल्पना सोपी आहे. अडचण ‘हजारांनी’ या शब्दात आहे, कारण त्या हजारांचे संगणक एकसारखे नसतात.

४/ पर्लचा जन्म १८ डिसेंबर १९८७ रोजी झाला. कर्ता लॅरी वॉल; मूळचा भाषाशास्त्राचा अभ्यासक, तेव्हा युनिसिस कंपनीत नोकरीला. त्याने पर्लची पहिली आवृत्ती यूजनेटवरील चर्चागटात प्रसिद्ध केली. सोर्स कोड अनेक संदेशांत तुकडे करून पाठवलेला. घेणाऱ्याने ते तुकडे जोडायचे, आपल्या संगणकावर कंपाइल करायचे, मग वापरायचे. त्या काळी वितरणाची ही सर्वमान्य रीत होती.

५/ योगायोग पाहा : याच वॉलने १९८५ साली ‘पॅच’ नावाची आज्ञावली लिहिली होती. कोडमध्ये झालेला बदल तेवढाच पाठवायचा आणि समोरच्याने तो आपल्या प्रतीवर चढवायचा, हे तिचे काम. म्हणजे भाषा घडवण्यापूर्वीच हा माणूस कोड एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसा न्यावा याचा विचार करत होता. पर्लभोवती पुढे जी वितरणाची संस्कृती वाढली, तिचे बीज येथे दिसते.

६/ पर्ल लवकरच सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरांची लाडकी झाली. मोठमोठ्या मजकुरातून हवे ते वेचणे आणि त्याचा अहवाल तयार करणे हे तिचे बळ. ‘प्रॅक्टिकल एक्स्ट्रॅक्शन अँड रिपोर्ट लँग्वेज’ असे तिच्या नावाचे विस्तृत रूपही सांगितले जाते. आणि अहवाल कोणाला हवे असतात? कचेऱ्यांना. विद्यापीठांतून ही भाषा कंपन्यांत शिरली ती या दाराने.

७/ पण कंपनीच्या दारात वकील बसलेला असतो. पर्ल जीपीएल परवान्याखाली येऊ लागली, तेव्हा अनेक कंपन्यांना त्या परवान्याच्या अटी अवघड वाटत. मार्च १९९१मध्ये आलेल्या पर्ल ४ सोबत वॉलने दुसरा, सैलसर पर्याय दिला : आर्टिस्टिक लायसन्स. दोहोंपैकी जो रुचेल तो घ्यावा. रसदीचा मार्ग मोकळा करण्यासाठी तंत्राइतकीच कागदपत्रांचीही गरज असते, याचे हे चांगले उदाहरण.

८/ पर्ल ४च्या काळात एक विचित्र अडचण होती. भाषेला नवे सामर्थ्य द्यायचे तर पर्लचीच वेगळी प्रत बांधावी लागे. ओरॅकल डेटाबेससाठी ‘ओरापर्ल’, सायबेससाठी ‘सायबपर्ल’. ज्या कचेरीत दोन्ही डेटाबेस होते, तिने काय करावे? दोन पर्ल बाळगाव्यात, किंवा सगळे एकत्र करून तिसरी प्रत स्वतः बांधावी. दर नव्या गरजेपायी घर पाडून पुन्हा बांधण्यासारखाच हा प्रकार.

९/ १७ ऑक्टोबर १९९४ रोजी पर्ल ५ आली आणि ही अडचण सुटली. आता मॉड्यूल वेगळे राहू शकत होते; आज्ञावली चालू असतानाच सी भाषेतील भाग जोडून घेता येत होता. टिम बन्सच्या नेतृत्वाखाली ‘डीबीआय’ उभे राहिले : वर सर्व डेटाबेससाठी एकच बोली, खाली प्रत्येक डेटाबेससाठी वेगळा चालक. घर तेच, हवी ती खोली जोडायची.

१०/ मॉड्यूल्स भराभर लिहिली जाऊ लागली आणि नवा प्रश्न उभा राहिला : ती सापडणार कोठे? कोणाचे विद्यापीठाच्या सर्व्हरवर, कोणाचे जुन्या संदेशात. टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी ‘सीटॅन’ नावाचे एकत्रित भांडार आधीच उभे होते. त्याच धर्तीवर पर्लसाठी ‘सीपॅन’ घडले. २६ ऑक्टोबर १९९५ रोजी ते सर्वांसाठी खुले झाले. यार्को हिएतानिएमी यांनी त्याची घडी बसवली आणि मूळ प्रत फिनलंडच्या विद्यापीठीय जाळ्यावर, फुनेटवर, ठेवली गेली.

११/ सीपॅनची रचना साधी होती, म्हणून टिकली. लेखक ‘पॉज’ नावाच्या सर्व्हरवर आपली गाठोडी चढवत. तो आंद्रेआस क्योनिग यांनी उभारला. तेथून ती मूळ भांडारात जात आणि मग जगभरच्या प्रतिभांडारांत. एक सर्व्हर बंद पडला तरी दुसरा हजर. सर्व काही स्वयंसेवेवर. आज तेथे दोन लाखांहून अधिक मॉड्यूल्स आहेत.

१२/ गाठोडे उघडल्यावर करायच्या चार पायऱ्या पर्लच्या लोकांना तोंडपाठ असत : मेकफाइल तयार करा, ‘मेक’, ‘मेक टेस्ट’, ‘मेक इन्स्टॉल’. यातील तिसरी पायरी विशेष महत्त्वाची. मॉड्यूलसोबत त्याच्या चाचण्याही येत आणि बसवण्यापूर्वी त्या तुमच्याच संगणकावर चालत. १९९८पासून ‘सीपॅन टेस्टर्स’ हा गट निरनिराळ्या संगणकांवर मॉड्यूल्स तपासून अहवाल देऊ लागला. अनोळखी माणसाच्या कोडवर विश्वास ठेवायचा तर काही पुरावा हवा. तो येथे मिळे.

१३/ क्योनिग यांनीच ‘सीपॅन’ याच नावाचे एक मॉड्यूल लिहिले. ते भांडारातून गाठोडे आणी, त्याला आणखी कोणती मॉड्यूल्स लागतात ते पाही, तीही आणी आणि चारही पायऱ्या स्वतः करी. १९९७ साली आलेल्या पर्ल ५.००४ पासून ते भाषेसोबतच मिळू लागले. एक आज्ञा द्या आणि चहा पिऊन या. युनिक्सवाल्यांच्या दृष्टीने वितरणाचा प्रश्न बहुतांशी सुटला होता.

१४/ कचेऱ्यांच्या दृष्टीने तो सुटला नव्हता. सीपॅनवर मिळे ते धान्य, पीठ नव्हे. जाते ज्याचे त्याने आणायचे. केवळ पर्लमध्ये लिहिलेले मॉड्यूल असेल तर फारसे अडत नसे. फाइल योग्य जागी नेऊन ठेवली तरी काम भागे. पण डेटाबेस, चित्रे, सांकेतिकीकरण अशी जड कामे करणाऱ्या मॉड्यूल्समध्ये सी भाषेचा भाग असे. तो दळायला सी कंपाइलर लागे.

१५/ युनिक्सच्या जगात कंपाइलर असणे गृहीत होते. तेथेही सन कंपनीने सोलारिस २ पासून तो वेगळा विकायला सुरुवात केली, तेव्हा लोक हळहळले. विंडोजमध्ये तर तो मुळात नव्हताच. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी विकत घ्यावा लागे. तसेच कोणताही कंपाइलर चालत नसे. ज्या कंपाइलरने तुमची पर्ल बांधली गेली, साधारणतः त्याच जातीचा मॉड्यूललाही लागे.

१६/ आता १९९०च्या दशकाच्या अखेरीची एखादी विमा कंपनी किंवा बँक डोळ्यांपुढे आणा. कर्मचाऱ्याच्या टेबलावर विंडोज एनटी. काही बसवण्याचे अधिकार त्याला नाहीत. इंटरनेट आहे, पण फायरवॉल आणि प्रॉक्सीच्या आडून. कंपाइलर विकत घेण्याची मागणी केली तर वरून विचारणा : तुम्ही प्रोग्रामर आहात का? त्याला तर केवळ ओरॅकलमधून आकडे काढून महिनाअखेरचा अहवाल हवा आहे. एवढे मोठे मोफत कोठार समोर आहे आणि तो उपाशी आहे.

१७/ त्यात आणखी एक गोंधळ. विंडोजसाठी पर्लच दोन होत्या. पहिली हिप कम्युनिकेशन्स या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या पाठबळाने विंडोजवर आणलेली. दुसरी मूळ पर्लच्या कोडमधूनच थेट बांधता येणारी. तिच्यामागे गुरुसामी सारथी यांचे मोठे श्रम होते. एकीसाठी बांधलेले सी-मॉड्यूल दुसरीत चालत नसे. मॉड्यूलच्या लेखकाने कोणत्या पर्लसाठी बांधायचे? बहुतेकांनी उत्तर दिले : कोणत्याच नाही.

१८/ डिक हार्ट यांनी १९९७ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे ‘ॲक्टिव्हस्टेट’ ही कंपनी स्थापन केली. हिपच्या पर्लचा वारसा तिच्याकडे आला आणि सारथीही तिच्याशी जोडले गेले. दोन्ही प्रवाह एकत्र करण्याचे काम झाले आणि जुलै १९९८मध्ये आलेल्या पर्ल ५.००५ मध्ये विंडोज आणि युनिक्स यांचा कोड एकच झाला. हा निर्णय वरवर रूक्ष वाटतो. पण पुढची सारी रसद याच रस्त्यावरून गेली.

१९/ या एकीकृत पर्लवर ‘ॲक्टिव्हपर्ल’ उभी राहिली : फाइल उतरवा, दोनदा क्लिक करा, पर्ल तयार. सोबत होता ‘पीपीएम’, म्हणजे पर्ल पॅकेज मॅनेजर. त्यामागचा विचार थेट होता. कर्मचाऱ्याकडे जाते नाही ना? मग आम्ही आमच्याकडे दळतो आणि पीठ पाठवतो. ॲक्टिव्हस्टेट सीपॅनवरची मॉड्यूल्स आपल्या यंत्रांवर बांधून पाही. बांधणी जमली आणि चाचण्या उत्तीर्ण झाल्या की तयार गाठोडे तिच्या भांडारात जाई.

२०/ प्रत्येक गाठोड्याला एक चिठ्ठी असे. तिला पीपीडी म्हणत. एक्सएमएलमध्ये लिहिलेली ही छोटी फाइल. मॉड्यूलचे नाव, आवृत्ती, लेखक, थोडक्यात वर्णन, कोणत्या प्रणालीसाठी बांधले, आणखी काय लागते आणि खरे गाठोडे कोठे ठेवले आहे, एवढे तीत असे. मायक्रोसॉफ्ट आणि मरिम्बा यांनी १९९७ साली मांडलेल्या सॉफ्टवेअर-वर्णनाच्या आराखड्यावर ती आधारलेली होती. पोत्यावरची ही चिठ्ठी वाचूनच पीपीएम पुढचे ठरवी.

२१/ बँकेतल्या त्या कर्मचाऱ्याला आता एक ओळ पुरे : ‘पीपीएम इन्स्टॉल’ आणि पुढे मॉड्यूलचे नाव. प्रॉक्सी असेल तर तिचा पत्ता, नाव आणि परवलीचा शब्द आधी सांगून ठेवता येई. बाहेरचे दार पूर्ण बंद असेल, तर दुसऱ्या संगणकावर गाठोडे आणि चिठ्ठी उतरवून घ्यायची, डिस्कवरून आणायची आणि तेथून बसवायची. इंटरनेट नसलेल्या संगणकाचाही विचार येथे झाला होता.

२२/ पण कंपन्यांसाठी सर्वांत मोलाची सोय वेगळीच होती. भांडार म्हणजे शेवटी चिठ्ठ्या आणि गाठोडी ठेवलेला एक फोल्डर. तो बाहेर असलाच पाहिजे असे नाही. कंपनीच्या ॲडमिनिस्ट्रेटरने तपासलेली मॉड्यूल्स आतल्याच सर्व्हरवर ठेवावीत आणि सर्वांच्या पीपीएमला तेच भांडार दाखवावे. मग पाचशे संगणकांवर एकच आवृत्ती राही, आणि कोणी काय उतरवले याची चिंता मिटे. प्रत्येक किल्ल्यावर स्वतःचे कोठार असावे, तशी ही व्यवस्था.

२३/ येथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. धान्य मिळाले तर ते निवडता येते; पीठ मिळाले की दळणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. सीपॅनवरून स्वतः कंपाइल करणारा माणूस निदान कोड उघडून पाहू शकत होता. तयार गाठोडे घेणारा, ते कोणी बांधले यावर भिस्त ठेवत होता. सोय वाढली तशी विश्वासाची जागा बदलली : लेखकाकडून बांधणाऱ्याकडे. कंपन्यांना हे उलट सोयीचेच वाटले, कारण बांधणारा ही एक कंपनी होती. तिच्याशी करार करता येत होता.

२४/ मर्यादाही लवकर दिसू लागल्या. सीपॅनवर आलेली नवी आवृत्ती पीपीएमवर उशिरा येई. काही मॉड्यूल्स विंडोजवर बांधलीच जात नसत. आणि पर्ल ५.६ वरून ५.८ वर जाताना जुन्यासाठी बांधलेली सी-मॉड्यूल्स नव्यात चालत नसत. सारे पुन्हा दळून घ्यावे लागे. कित्येक कचेऱ्या जुन्या आवृत्तीलाच चिकटून राहिल्या. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांना लागणारे एखादे मॉड्यूल नव्या भांडारात अजून आलेले नसे.

२५/ काही वेळा अडचण तांत्रिक नसे, कायद्याची असे. सुरक्षित वेबपत्त्यांशी बोलण्यासाठी ‘क्रिप्ट-एसएसएलई’ हे मॉड्यूल लागे. सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवरील निर्बंधांपायी ॲक्टिव्हस्टेटच्या भांडारात ते नव्हते. आणि बँकांना, व्यापाऱ्यांना तर नेमके तेच हवे होते. मग ते मिळे कोठे?

२६/ ते मिळे कॅनडातीलच विनिपेग विद्यापीठाच्या एका सर्व्हरवर. तेथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रँडी कोब्स यांनी स्वतःच्या हौसेने पीपीएमचे एक भांडार उभे केले होते. अधिकृत भांडारात नसलेली, बांधायला अवघड अशी मॉड्यूल्स ते बांधून ठेवत. विंडोजवर पर्ल वापरणाऱ्या असंख्य लोकांनी त्या सर्व्हरचा पत्ता टंकला असेल. त्यामागे एक माणूस आहे हे त्यातील थोड्यांनाच ठाऊक असेल.

२७/ २०१० साली रँडी कोब्स यांचे निधन झाले. पर्लच्या जगाने हळहळ व्यक्त केली. इतिहासाचा अभ्यासक म्हणून आपण येथे एक नोंद करून ठेवावी : कंपन्यांच्या कारभाराचा एक धागा एका प्राध्यापकाच्या फावल्या वेळावर टांगलेला होता. कोणत्याही ताळेबंदात ते श्रम कधी मांडले गेले नाहीत. बखरीत सेनापतीचे नाव येते, बैल हाकणाऱ्याचे नाही. येथेही तेच घडले.

२८/ दुसरीकडे ॲक्टिव्हस्टेटलाही पोट होते. २००३ साली सोफोस या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कंपनीने ती विकत घेतली. २००६ साली ती पेंडर फायनान्शियल या गटाकडे गेली. पुढे पैसे देणाऱ्या कंपन्यांसाठी वेगळ्या आवृत्त्या आल्या, आणि जुन्या पर्लसाठीची भांडारे हळूहळू त्या ग्राहकांपुरती राहिली. यात फसवणूक नव्हती. दळणावळीला खर्च येतो. तो कोणीतरी भरणार. पण फुकट पिठाची सवय झालेल्यांना हे टोचले.

२९/ त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या ॲडम केनेडी यांनी प्रश्न उलटा केला. लोकांना जात्याविना पीठ का द्यायचे? जातेच द्या! २००६च्या आसपास सुरू झालेल्या ‘स्ट्रॉबेरी पर्ल’मध्ये पर्लसोबत मोफत सी कंपाइलरही येई. आता विंडोजवरही सीपॅनची आज्ञा थेट चाले. युनिक्स आणि विंडोज यांतील वर्षानुवर्षांची दरी बरीच बुजली. कालांतराने ॲक्टिव्हपर्लनेही ५.२८ या आवृत्तीपासून पीपीएम सोडून दिला.

३०/ म्हणजे प्रश्न संपला का? नाही, तो पायथनच्या घरी राहायला गेला. तेथेही विंडोजवाल्यांकडे कंपाइलर नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगशाळेतून क्रिस्टॉफ गोल्के वर्षानुवर्षे शास्त्रीय मॉड्यूल्स विंडोजसाठी बांधून देत राहिले. २०२२ साली त्या प्रयोगशाळेचा निधी थांबला आणि ती सेवाही थांबली. विनिपेगची आठवण व्हावी असाच हा प्रसंग. भाषा बदलली, माणसाची जागा तीच राहिली.

३१/ पायथनने त्यापूर्वीच दोन उत्तरे शोधली होती. एक, ‘व्हील’ : तयार गाठोड्याचा प्रमाण आराखडा, २०१२-१३ मधला. त्यामुळे लेखकालाच निरनिराळ्या प्रणालींसाठी पीठ दळून भांडारात ठेवता येऊ लागले. दुसरे, २०१२ साली आलेली ‘ॲनाकोंडा’ : एका कंपनीने निवडून, जुळवून दिलेला सारा संच. २०२० साली तिने दोनशे किंवा अधिक माणसांच्या व्यापारी संस्थांकडून तिच्या भांडाराच्या वापराचे पैसे मागितले. ॲक्टिव्हस्टेटची गोष्ट वाचलेल्याला यात नवल वाटू नये.

३२/ मार्च २०१६मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात एका लेखकाने वादातून आपली मॉड्यूल्स भांडारातून काढून घेतली. त्यांतील ‘लेफ्ट-पॅड’ केवळ अकरा ओळींचे होते. पण त्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प जगभर अडले. ज्यांनी आतल्या सर्व्हरवर आपली प्रत ठेवली होती, त्यांचे काम चालू राहिले. कोठाराचा जुना धडा नव्याने शिकावा लागला.

३३/ पण कोठारालाही चोरवाट असते. २०२१ साली ॲलेक्स बिर्सन या सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिले की कंपन्यांच्या आतल्या मॉड्यूल्सची नावे वापरून कोणी त्याच नावांची गाठोडी सार्वजनिक भांडारात ठेवली, तर काही कंपन्यांची यंत्रे आतले सोडून बाहेरचे उचलतात. पस्तीसहून अधिक संस्थांत त्याचा प्रयोग यशस्वी झाला. पोत्यावरची चिठ्ठी वाचली गेली. ती कोणी लिहिली हे तपासले गेले नाही.

३४/ तर मागे वळून पाहता तीन उत्तरे दिसतात. सीपॅन म्हणाले : धान्य घ्या, दळा तुम्ही. पीपीएम म्हणाला : आम्ही दळतो, विश्वास ठेवा. स्ट्रॉबेरी म्हणाली : हे घ्या जाते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी होती. पण एकातही कष्ट नाहीसे झाले नाहीत. ते फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. आणि ज्या खांद्यावर गेले त्याचे नाव बहुधा कोणाला ठाऊक नव्हते.

३५/ म्हणूनच हा इतिहास जपण्याजोगा आहे. ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ ‘कष्टाविना’ असा होत नाही. कंपनीने एखादे मॉड्यूल घेताना परवाना पाहावा, आवृत्ती पाहावी. आणि ते बांधणारा कोण, तो उद्या नसेल तर काय, हेही विचारावे. उत्तर ‘एकच माणूस, फावल्या वेळात’ असे आले, तर त्याला मदतीचा हात देणे यात परोपकार कमी आणि स्वतःची रसद सांभाळणे अधिक आहे.

३६/ वाचकहो, पुढच्या वेळी ती एक ओळ टंकाल आणि पडद्यावर नावांची रांग सरकू लागेल, तेव्हा तिच्याकडे क्षणभर पाहा. त्यातील प्रत्येक नावामागे कोणीतरी लिहिणारा, कोणीतरी तपासणारा आणि कोणीतरी बांधून ठेवणारा आहे. आपल्या कचेरीत जुनी पर्ल अजून चालत असेल, किंवा पीपीएमच्या दिवसांची एखादी आठवण असेल, तर खाली जरूर लिहा. दुरुस्त्यांचे स्वागत आहे. धागा समाप्त.